पाइपावरचे ठोके

संत निकोलाच्या दिवशी आमच्या चाचाक गावात प्लंबर मिळत नाही. अर्ध्या गावाचा कुळसंत तोच, आणि प्लंबरालाही कुळ असतेच. मी सकाळी फोन केला तेव्हा त्याच्या बायकोने उचलला. मागे ग्लासांची किणकिण चालली होती. ती म्हणाली, आज त्याची स्लावा, म्हणजे कुळसंताचा सण, आहे, तो पाहुण्यांना वाढायला उभा आहे, आणि प्रोफेसर, तुमचीही आजच ना? मी हो म्हणालो, शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. गळतीचे काही बोललोच नाही. बोलून काय उपयोग होता, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली. पण खरे म्हणजे मागचा हसण्याचा आवाज ऐकला आणि माझी जीभच उचलली नाही.

गळती तशी मोठी नव्हती. न्हाणीघरात बेसिनखाली भिंतीतून पाइपाचे टोक बाहेर येते, त्यावर एक छोटा कॉक आहे, आणि त्या कॉकपासून नळापर्यंत लवचिक नळी. भिंत आणि कॉक यांच्या सांध्यातून पाणी थेंबथेंब येत होते. मी खाली वाडगा ठेवला होता आणि तो सारखा रिकामा करत होतो. दुपारच्या बसने यास्ना येणार होती. तिने तो वाडगा पाहता कामा नये, एवढेच माझ्या डोक्यात होते.

यास्ना माझी मुलगी. ती नोवी सादला असते. तिने तिच्या फ्लॅटमधली एक खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे, नवा पलंगही आणून ठेवला आहे. खोली चांगली आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. मी तिच्याकडे गेलो की दर वेळी त्या खोलीचे कौतुक करतो आणि परतीचे तिकीट खिशात आहे ना, ते हळूच चाचपून बघतो. गेल्या ईस्टरला, माझ्या खालच्या मजल्यावरच्या कोसाराच्या छतातून दुसऱ्यांदा पाणी गळले, तेव्हा यास्नाने मला समोर बसवून सांगितले, "बाबा, हे शेवटचं. पुन्हा कोसारामावशीच्या घरात पाणी गेलं की तू माझ्याकडे यायचं. मग वाद नाही." मी शब्द दिला. दुसरे काय करणार होतो?

पहिल्या वेळी कपडे धुण्याच्या मशीनची नळी निसटली होती. दुसऱ्या वेळी मी टब भरायला सोडला आणि वाचत बसलो. पण यास्नाला राग आला तो पाण्याचा नव्हे. त्या दुसऱ्या वेळी मी एकटाच गुडघ्यांवर बसून फडक्याने पाणी टिपत राहिलो आणि खाली जाऊन कोसाराला सांगितले नाही. कोणत्या तोंडाने सांगू, हे जुळवत होतो. ते जुळेपर्यंत तिच्या न्हाणीघरात वाळत घातलेल्या चादरींवर छताचा चुना पडला होता. "तुला काही झालं तर तू साधी हाकसुद्धा मारणार नाहीस," यास्ना म्हणाली होती. "मला भीती त्याची वाटते."

कोसारा आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होती. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्या चादरींनंतर तिने जिन्यात उभे राहून, साऱ्या मजल्यांना ऐकू जाईल असे जाहीर केले की ह्या माणसाच्या स्लावेला मी यापुढे पाऊल ठेवणार नाही. स्लावेला कोणी कोणाला बोलवत नाही; ज्याला यायचे तो येतो. त्यामुळे तिला बोलावून भांडण मिटवायचीही सोय नव्हती. जिन्यात भेटलो की मी टोपी काढायचो आणि ती पायऱ्या मोजत असल्यासारखी खाली बघायची.

आता मुख्य अडचण सांगतो. आमच्या इमारतीत तळघरातून वरच्या मजल्यापर्यंत एक उभा पाइप जातो आणि त्याच्यावरच सगळ्यांची न्हाणीघरे आहेत. तो बंद करायचा व्हॉल्व्ह तळघरातल्या एका भिंतीवर आहे. तळघर फळ्या ठोकून घराघरांत वाटले गेले, तेव्हा ती भिंत कोसाराच्या वाट्याला गेली. ती तिथे हिवाळ्याची साठवण ठेवते. बरण्या, बटाटे, आणि अगदी त्या व्हॉल्व्हच्या पुढ्यात खारवलेल्या कोबीचे पिंप. घरदुरुस्तीचे एक जुने पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात नळाच्या प्रकरणाचे पहिलेच वाक्य होते की आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा. ते मी अनेकदा वाचले. किल्ली मागायची म्हणजे कोसाराचे दार वाजवायचे. मी पान उलटले. न्हाणीघरात दाराच्या वर, उभ्या पाइपातून निघणाऱ्या फाट्यावर, माझ्या एकट्याच्या घरापुरते पाणी बंद करायचे एक लहान चाक आहे. त्यावर भागेल असे मी ठरवले.

सकाळी लवकर मी चर्चमध्ये जाऊन स्लावेचा पाव कापून आणला होता. टेबलावर पाव, उकडलेला गोड गहू, तांबडी वाइन ठेवली आणि मेणबत्ती लावली. ती दिवसभर जळायला हवी आणि घरच्या माणसाने तिच्याजवळ असायला हवे. उपासाचे दिवस असल्याने ओव्हनमध्ये घेवडा होता आणि कार्प मासा. पाहुण्यांसाठी बाहेरच्या दाराचे कुलूप काढून ठेवले. पाहुणे दुपारनंतर येणार. मधला वेळ माझा होता.

मी ते चाक बंद करू लागलो. पूर्वी ते हलायचेच नाही, आज अगदी अलगद फिरले. मला वाटले, संताची कृपा. नळ उघडून पाहिला तर धार बारीक झाली, दोऱ्याएवढी झाली आणि थांबली. मला फार आनंद झाला. खालून कोसाराचा रेडिओ ऐकू येत होता, वरच्या मजल्यावर स्रेतेनच्या टीव्हीत कोणी तरी गोल करत होते, आणि मी बेसिनखाली पाठीवर पडून पान्ह्याने कॉक सोडवत होतो. तो निघाला. त्याच्याबरोबर गंजाचे एक कडे आणि सडलेले जुने सूत निघाले. मी नव्या कॉकच्या आट्यांवर तागाचे तंतू गुंडाळायला घेतले. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे, आट्यांच्या दिशेने, उलटे नाही. उलटे गुंडाळले तर फिरवताना सगळे सुटून येते. ते काम मला इतके आवडले की मी ते सोडून पुन्हा नीट केले.

भिंतीतला पाइप खोकला.

मी वर पाहिले. तो पुन्हा खोकला, आणि पाणी माझ्या तोंडावर आले. त्या लहान चाकाच्या पोटात बंद करणारी एक चकती असते. ती बहुधा केव्हाचीच दांड्यापासून सुटली होती आणि नुसती आडवी अडकून बसली होती. चाक अलगद फिरले ते त्यामुळेच. आता पाण्याने तिला ढकलून दिले. हे सगळे मी नंतर समजून घेतले. त्या क्षणी मला एवढेच दिसले की डिसेंबरचे पाणी मनगटाएवढ्या जाड धारेने समोरच्या भिंतीवर आपटते आहे आणि चष्मा वाहून गेला आहे.

मी तळहात पाइपाच्या तोंडावर दाबला. धार फुटून पंख्यासारखी चारी बाजूंनी उडाली. दुसरा हात वर ठेवून दाबले, तेव्हा ती कमी झाली, पण थांबली नाही. बोटांच्या फटींतून पाणी येतच राहिले. फरशीतल्या जाळीवाटे थोडे जात होते. बाकीचे कोपऱ्याकडे चालले होते, जिथे उभा पाइप फरशीतून खाली जातो. त्याच्याभोवती बोटभर फट आहे आणि त्या फटीखाली कोसाराचे छत. मी पायाने दारामागचा माझा झगा ओढला, खाली पाडला आणि टाचेने त्या फटीवर दाबून धरला. असा मी बसलो होतो: एक पाय आखडलेला, एक पाय लांब कोपऱ्यात, दोन्ही हात भिंतीला. कोणी पाहिले असते तर त्याला वाटले असते, हा म्हातारा भिंतीला मिठी मारून रडतो आहे.

हात सोडून खाली धावावे का, असा विचार केला. उठायचे, जिना उतरायचा, दार वाजवायचे, सांगायचे, तिने किल्ली शोधायची, तळघरात जायचे, पिंप सरकवायचे. तेवढ्यात तिच्या घरात तळे होईल. फोन आतल्या खोलीत, मेणबत्तीजवळ. ओरडावे का? मी तोंड उघडले. "अहो," असे काही तरी बाहेर पडले. ते पाण्याच्या आवाजात माझे मलाच ऐकू आले नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्यामुळे थोडे हायसेच वाटले.

मग पान्हा दिसला. तो मांडीजवळ पडला होता. मी एक हात काढला, धार पुन्हा उसळली, तरी पान्हा उचलला आणि उभ्या पाइपावर मारला. एकदा, दोनदा, मग मारतच सुटलो. तो आवाज साऱ्या इमारतीत, तळघरापासून गच्चीपर्यंत जातो.

आमच्याकडे पाइप वाजवण्याचा एकच अर्थ आहे. गप्प बसा. कोणाचे गाणे मोठे झाले, कोणाचे पोर सोफ्यावरून उड्या मारू लागले की ज्याला त्रास होतो तो पाइपावर ठोकतो. मी तिथे राहायला आल्यापासून कधीही वाजवला नव्हता; स्रेतेनचा टीव्ही माझ्या डोक्यावर असताना मी कानात कापूस घालून वाचत आलो. आता मी वाजवला, आणि वर स्रेतेनचा टीव्ही बंद झाला. त्याच्याही वर कुठे तरी लाकूड ठोकत होते, ते थांबले. एक लहान मूल रडत होते, त्याला कोणी तरी आत नेले. खाली कोसाराचा रेडिओ वाक्याच्या मध्येच गप्प झाला. मी आणखी जोरात मारले. इमारत आणखी शांत झाली. आयुष्यभर वर्गात मला जे जमले नव्हते ते मी आज केले होते. सारे जण श्वास धरून बसले होते आणि कोणीही येत नव्हते.

त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. खाली, कोसाराच्या न्हाणीघरात, पत्र्याच्या कशावर तरी थेंब पडत होता. टप. मग पुन्हा टप.

मी टाच आणखी दाबली. झगा भिजून जड झाला होता. थेंब थांबला नाही, उलट थोडा भरभर पडू लागला. मला नोवी सादची ती खिडकी दिसली. पलंगावर यास्नाने निळी चादर घातली होती, मला निळा आवडतो म्हणून.

खालून पाइपावर ठोका आला. लोखंडी पळीचा असावा. दोन ठोके, रागाचे. मी उलट मारले. पुन्हा ठोका आला, पाठोपाठ दार आपटल्याचा आवाज आणि जिन्यावर चपला. कोसारा भांडायला वर येत होती. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

तिने घंटा वाजवली नाही. दार ढकलले, आणि उंबऱ्याबाहेरूनच तिचा आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"काय हो प्रोफेसर, इतकी वर्षं माझा रेडिओ चालला, आणि आजच कानात खुपायला लागला होय?"

"आत या," मी म्हणालो.

"मी आत येणार नाही. आज तुमची स्लावा आहे आणि मी काय बोलले होते ते साऱ्या जिन्याला ठाऊक आहे. बोलायचं ते इथूनच बोला."

"पाणी," मी म्हणालो.

"काय?"

मी डोळे मिटले. "पाणी सुटलंय, कोसारा," मी ओरडलो. "तुमच्याकडे गळतंय. मला हात काढता येत नाही."

तो आवाज माझा होता यावर माझा विश्वास बसत नव्हता. बाहेर चपला एक पाऊल मागे सरकल्या. बहुधा तिला दिसले असेल. दारापाशी गालिच्याची कड भिजू लागली होती.

"संताच्या लाल दिवशी, कामाला हात लावू नये त्या दिवशी, पान्हा हातात धरलात," ती म्हणाली. आवाज तोच होता, पण जरा खाली आला होता. "आणि खालचा व्हॉल्व्ह?"

"तो तुमच्या तळघरात आहे."

"मग किल्ली मागायची."

मी हात आणखी घट्ट दाबले. ती स्वतःशीच बोलावे तसे म्हणाली, "भरलेलं पिंप माझ्याच्याने हलायचं नाही. ओतावं लागेल. आत्ता कुठे कोबी मुरायला लागलाय."

"ओतू नका," मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या सभ्यपणाने ते वाक्य माझ्या आधी बाहेर पडले.

"नाही, नाही, कशाला ओतू? तुम्ही बसा वसंत येईपर्यंत भिंत धरून." आणि चपला खाली गेल्या, आल्या होत्या त्यापेक्षा वेगाने.

त्यानंतरचा वेळ किती होता मला सांगता येणार नाही. बोटे आधी दुखत होती, मग दुखायची थांबली आणि ती माझी राहिली नाहीत. मी डोळ्यांनी बघून ती दाबत होतो. मधूनमधून घसरत होती. दर घसरणीबरोबर खाली पत्र्यावरचा आवाज दाट होत होता. ती पिंपाशी झगडत असेल. पडली तर? ती माझ्याहून थोडीशीच लहान आहे. मी पुस्तकातले एक वाक्य पाळायचे टाळले, आणि एक बाई तळघरात एकटी पिंप ओढते आहे. आतल्या खोलीतून मेणाचा वास येत होता. बस आली असेल. यास्ना स्थानकातून चालत येते, टॅक्सी करत नाही. मी ओरडलो होतो, मोठ्याने ओरडलो होतो, आता आणखी काय करता येते? पुन्हा ओरडता येते. म्हणून मी पुन्हा ओरडलो. "कोसारा, जपून," असे. ते तिला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता, पण वरून स्रेतेनच्या घरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग तळहाताखालचा जोर कमी झाला. मला वाटले हातच गेला. फटींतले पाणी मऊ झाले, ओघळ झाला, थांबला. पाइपाने आतून एक लांब श्वास ओढला. मी हात काढला नाही. एकदा फसलो होतो.

"बाबा," कोणी तरी म्हणाले. "हात काढ आता. बंद झालंय."

यास्ना दारात उभी होती. तिचा चांगला कोट कोपरापर्यंत भिजला होता आणि तिला आंबवलेल्या कोबीचा वास येत होता. ती इमारतीत शिरत असताना तळघराच्या दारात कोसाराने तिला धरले आणि नमस्कार वगैरे काही न होऊ देता पिंपाची एक बाजू तिच्या हातात दिली, हे मला नंतर कळले. पिंप दोघींनी आडवे केले. व्हॉल्व्ह फिरेना तेव्हा यास्नाने त्यावर लाथ घातली.

तिने माझे हात धरून भिंतीपासून सोडवले आणि टॉवेलात गुंडाळले. चष्मा शोधून दिला. मग कोपऱ्यातल्या झग्याकडे पाहिले, माझ्या टाचेकडे पाहिले आणि विचारले, "कोसारामावशीकडे गेलं का?"

मी तोंड उघडले.

"नाही," बाहेरून उत्तर आले. "थेंब नाही गेला."

कोसारा उंबऱ्यावर होती. तिचा एप्रन खाऱ्या पाण्याने ओला होता आणि केसांत कोबीचे एक पान अडकले होते. तिने चपला काढल्या, उंबरा ओलांडून आत आली आणि मला म्हणाली, "स्लावा शुभ असो, यजमान."

मी टॉवेल टाकला आणि पाहुण्याचे करायचे ते करायला लागलो. गव्हाची वाटी तिच्यापुढे धरली, तिने चमचाभर खाल्ला, क्रॉसची खूण केली, टेबलापाशी बसली. मी राकिया, आमची फळांची दारू, ओतू लागलो तर निम्मी टेबलक्लॉथवर गेली. बोटांत अजून जीव नव्हता. मेणबत्ती सरळ जळत होती. यास्नाने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाली की आपण जरा खाली जाऊन पाहून येते, मावशींच्या छताचे काय झाले ते.

"मी इथे बसलेय आणि तू माझ्या घरात जाणार?" कोसारा म्हणाली. "पाहुणी आलीय, आधी ताट वाढ. इतका कोबी ओतलाय, भूक लागलीय मला." तिच्या घराची किल्ली तिने टेबलावर ठेवली होती आणि तिच्यावर हात.

स्लावेच्या पाहुण्याला उठवता येत नाही, घाईही करता येत नाही. यास्नाने घेवडा वाढला. कोसारा सावकाश जेवू लागली. मी उभा होतो. यजमानाने उभेच राहायचे असते. आणि न्हाणीघराचे दार उघडे राहिले होते, आणि स्रेतेनचा टीव्ही अजून बंद होता, आणि त्या सगळ्या शांततेत फरशीच्या फटीतून तो आवाज वर येत होता. टप.

कोसाराने चमचा ताटलीवर वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा, टप. तिने ग्लास उचलून जरा जोरात ठेवला. मला खोकला आला. मी तो आणला.  यास्ना मान किंचित कलती करून बसली होती, तिची आई बसायची तशी, दूध उतू जाते का हे ऐकताना. कोसाराने माशाची चौकशी केली, कुठून आणला, मसाला काय घातला. तिच्या पुढ्यातला मासा तिने अजून तोंडात घातला नव्हता. आणखी एक टप. चमचा ताटलीवर.

मी गप्प राहिलो असतो तर निभावले असते. कोसारा संध्याकाळपर्यंत बसली असती आणि यास्नाची परतीची बस होती. पण ती बाई माझ्यासाठी माझ्या संतासमोर खोटे बोलत होती, आणि तिचा हिवाळ्याचा कोबी तळघराच्या जमिनीवर पडला होता.

"यास्ना," मी म्हणालो, "गळलंय. अजून गळतंय."

"यांना काय कळतंय, हे वर होते," कोसारा म्हणाली.

"मला ऐकू येतंय, मावशी," यास्ना म्हणाली. "केव्हापासून." तिने आवाज चढवला नाही. "तुम्ही का लपवलंत?"

कोसाराने चमचा ठेवला. किल्लीवरचा हात उचलला. मग म्हणाली, "हे गेले तर वर कोण येईल? भाड्याने पोरं येतील, रात्रभर नाचतील. यांचं पाणी तरी सहा महिन्यांनी येतं." आणि मग, वेगळ्या आवाजात, "आज यांनी पाइप वाजवला. मला वाटलं, मला गप्प करतायत. संतापून वर आले. तर हाका मारत होते. माझ्या नावाने."

यास्नाने माझ्याकडे पाहिले. "पाइप तू वाजवलास?"

"हो."

"आणि ओरडलास?"

"थोडंसं," मी म्हणालो.

"थोडंसं," कोसारा म्हणाली. "वरच्या त्या स्रेतेनने सामना बंद केलाय, पोरी. फायनल होती."

यास्ना टेबलक्लॉथवरचा राकियाचा डाग बोटाने चोळत राहिली. मी तिच्याकडे न बघता मेणबत्तीकडे बघत होतो. 

"ईस्टरपर्यंत राहा इथे," ती शेवटी म्हणाली. "ते वरचं चाक आधी बदलायचं, तेही दुसऱ्या कोणाकडून. आणि मावशी, तळघराची एक किल्ली इथे, दाराशी खिळ्यावर. मागायला लागू नये अशी."

"मागितली पाहिजे," कोसारा म्हणाली. "मी देईन, पण मागितली पाहिजे."

यावर त्या दोघी थोड्या भांडल्या. मी मध्ये पडलो नाही. तेवढ्यात घंटा वाजली आणि स्रेतेन बाटली काखेत घेऊन आत आला. त्याने आधी टीव्हीबद्दल माफी मागितली, मला इतका त्रास होतो हे त्याला कधी कळलेच नाही म्हणाला, मग विचारले की पाणी का गेले. त्याच्यामागून वरची दोन घरेही आली, रिकाम्या बादल्या घेऊन. साऱ्या जिन्याला पाणी नव्हते आणि प्लंबर दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्याशिवाय येणार नव्हता. इतके पाहुणे माझ्या स्लावेला नादा गेल्यापासून, म्हणजे माझी बायको गेल्यापासून, आले नव्हते. पाहुणे निघाले तेव्हा कोसाराने तळघरातून आणून प्रत्येकाच्या बादलीत कोबीचा एक गड्डा घातला. खारे पाणी गेल्यावर तो टिकणार नव्हता. यास्ना खाली जाऊन तिच्या न्हाणीघरात तसराळे ठेवून आली आणि संध्याकाळच्या बसने गेली. दारात तिने माझे दोन्ही हात पुन्हा एकदा तपासून पाहिले, लहान मुलाची नखे बघावीत तसे.

ते पुस्तक मी नंतर उघडले. पुढच्याच पानावर लिहिले होते की अशा वेळी पाइपाच्या तोंडात लाकडी बूच ठोकावे. वाइनचे बूच टेबलावर होते. अर्थात तिथवर मला जाता आले नसते. पण आधी वाचून ठेवले असते तर खिशात घेता आले असते.

किल्ली खिळ्यावर नाही. कोसाराकडेच आहे.

परवा दुपारी मी वाचत बसलो होतो आणि खालून पाइपावर ठोके आले. लोखंडी पळीचे, दोन. माझ्याकडे कसलाच आवाज नव्हता. रेडिओ मी लावतच नाही. मी थोडा वेळ विचार करत बसलो की याचा अर्थ गप्प बसा असा घ्यावा की दुसरा काही. मग पुन्हा दोन ठोके आले. मी पुस्तकात खूण घातली, चपला शोधल्या आणि खाली गेलो.